पोरांच्या थुंकीवरनं बॅच पाडणाऱ्या शाळेला खुलं पत्र

प्रति,
संस्थेचे अध्यक्ष, विश्वस्त मंडळ, मुख्याध्यापक सर, आणि पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये ज्यांनी हात वर करून हा ठराव पास केला ते सगळे सदस्य,

नमस्कार. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचंय त्यांना पहिल्या चार ओळीतच कळेल, आणि आज तुमच्याकडं झालंय ते उद्या कोल्हापुरातल्या दुसऱ्या चार शाळांत होणार हे मला दिसतंय, कारण असली फॅडं एका शाळेत थांबत नाहीत.

सहावीच्या वर्गाबाहेर दोन याद्या लागल्यात. एक 'चॅलेंजर बॅच', दुसरी 'केअर बॅच'. चॅलेंजरला ऑलिम्पियाड, फाउंडेशन, जादा तास, चांगले सर. केअरला 'हलका अभ्यास, योगा आणि समुपदेशन'. माझी दोन पोरं जुळी आहेत, एक मुलगी एक मुलगा, पोरगी पहिल्या यादीत आणि पोरगा दुसऱ्या. मार्कांवरनं पाडल्या असत्या तर मी ऑफिसात येऊन भांडले असते आणि विषय संपला असता. तुम्ही पाडल्या त्या लाळेच्या टेस्टवरनं. 'स्ट्रेस जीन आणि कॉर्टिसॉल प्रोफाइल' असं वर छापलेला, हिरवा-पिवळा-लाल रंग दिलेला चकचकीत रिपोर्ट. जीन म्हणजे आईबापाकडनं येणारं जनुक, आणि कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की अंगात वाढणारं हार्मोन. आणि मी विचारायला आले तेव्हा मला काय सांगण्यात आलं, तर "मॅडम, ताण सहन न होणं हे तुमच्या घराण्यातच असणार, जीनमध्येच आहे म्हटल्यावर शाळा काय करणार?"

त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितेय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. पण कॉर्टिसॉलची सॅम्पलं हातातनं जातात माझ्या, आणि त्या ट्यूबवर काय लिहिल्याशिवाय मशीनला लावायची नाही हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यामुळं बाकीच्या पालकांना जे गुळगुळीत कागद बघून खरं वाटलं ते मला नाही वाटलं. गप्प बसले असते तर कामाशी बेइमानी झाली असती.

सॅम्पलपासनंच सुरू करते. त्या दिवशी पोरांचे विसरलेले डबे द्यायला आले होते म्हणून हॉलमधलं सगळं बघायला मिळालं. पोरं ओळीत उभी, टेबलावर ट्यूबा, एक मुलगी भराभर नावं लिहितेय. नाव, वर्ग, रोल नंबर. वेळ नाही. कॉर्टिसॉलच्या ट्यूबवर वेळ नाही! अहो, हे हार्मोन दिवसभर एका पातळीवर बसून नसतं. माणूस उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात वर जातं, मग दिवसभर उतरत राहतं, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात खाली. म्हणून तर मोठ्या माणसांचं सॅम्पल आम्ही सकाळी आठचं वेगळं आणि दुपारी चारचं वेगळं घेतो आणि दोन्हींची नॉर्मल रेंज वेगळी असते. तुमच्या हॉलमध्ये सहावी 'क' ची पोरं पीटी करून घामाघूम होऊन सकाळी आठला रांगेत आली, आणि सहावी 'अ' चा नंबर लागला दुपारी बाराला, शाळा सुटायच्या तोंडावर. माझा पोरगा 'क' मध्ये आहे. पोरगी 'अ' मध्ये. पोराचं जास्त आलं, पोरीचं कमी. याला घराणं कशाला लागतंय वो, घड्याळ पुरतं.

बरं अजून. एका पोराच्या गालात चिंचेची गोळी होती, मी स्वतः बघितली, आंबट खाल्लं की लाळेची आम्लता बदलते आणि टेस्ट फसते. एकाचा दात हलत होता, ट्यूबमध्ये लाळ गुलाबी, म्हणजे रक्त मिसळलेलं, आणि रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. आमच्या लॅबमध्ये असलं सॅम्पल परत पाठवतात. दम्याचा पंप घेणारी पोरं आहेत वर्गात, त्या पंपातलं औषध बऱ्याचदा स्टेरॉइडच असतं, त्यानंही आकडा हलतो. कुणी विचारलं? फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

म्हणजे कॉर्टिसॉलचा भाग इथंच निकालात निघाला. आता जीन.

आनुवंशिकतेचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगते, नाहीतर उद्या म्हणाल बाई अडाणी आहे. संबंध आहे. नेदरलँड्समध्ये २००३ साली एक अभ्यास छापून आला, बारा वर्षांच्या १८० जुळ्या जोड्या, म्हणजे बघा माझ्या पोरांच्याच वयाच्या. एकसारख्या जुळ्यांचे जीन जवळजवळ शंभर टक्के सारखे, आणि माझ्या पोरांसारख्या वेगळ्या जुळ्यांचे साध्या बहीण-भावांसारखे, सरासरी निम्मे. मग एकसारख्या जोडीतलं साम्य वेगळ्या जोडीपेक्षा किती जास्त आहे यावरनं जीनचा वाटा काढतात. पोरांची लाळ दिवसातनं वेगवेगळ्या वेळी घेतली. उठल्यावर पाऊण तासानं जे सॅम्पल होतं त्यात मुलामुलांमधल्या फरकाचा साधारण ६० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. बाकीच्या वेळी त्याहून कमी. आणि रात्री झोपायच्या वेळच्या सॅम्पलमध्ये जीनचा म्हणावा असा वाटा दिसलाच नाही.

तुमच्या त्या रिपोर्टवाल्यांनी प्रेझेंटेशनमध्ये '६० टक्के' एवढं मोठ्या अक्षरात दाखवलं. रात्रीचं सोयीस्कर गाळलं.

आणि ६० टक्के म्हणजे काय हेसुद्धा उलटं सांगितलं. त्याचा अर्थ माझ्या पोराच्या अंगातलं ६० टक्के कॉर्टिसॉल आईबापाकडनं आलं असा होत नाही. तो आकडा एका पोराचा नसतोच, तो सगळ्या गटातल्या फरकाचा असतो, आणि गट बदलला की आकडा बदलतो. आमचं माहेर उसातलं आहे म्हणून तसंच सांगते. ८६०३२ आणि २६५ या उसाच्या दोन जातींचं बेणं मिसळून एकाच काळ्या मळीच्या रानात लावलं, पाणी तेच खत तेच, तर उसाउसातला फरक जातीमुळंच दिसणार. तेच मिसळलेलं बेणं निम्मं मळीत आणि निम्मं मुरमाड माळावर लावलं तर फरक जमिनीनंच जास्त पडणार. बेणं तेच, टक्का बदलला. आणि माळावरचा ऊस वाळला म्हणून बेण्याला नावं ठेवत बसणारा शेतकरी मी तरी बघितला नाही, तो आधी पाटाचं पाणी बघायला जातो.

आता 'कुठला जीन' ते बघू. रिपोर्टमध्ये दोन-तीन जीनची नावं आहेत आणि पुढं 'हाय रिस्क' असा शिक्का. त्या जीनवर अभ्यास झालेत, खोटं नाही, कॉर्टिसॉल ज्याला चिकटून काम करतं त्या रिसेप्टरचा जीन आहे, त्याला मदत करणारा एक आहे. पण एका जीनच्या एका अक्षरावरनं एका पोराचं भविष्य सांगता येत नाही. २०१४ साली साडेबारा हजारांवर माणसांचे अख्खे जीनोम, म्हणजे सगळेच्या सगळे जीन चाळून सकाळच्या कॉर्टिसॉलशी संबंध असलेली जागा शोधली गेली. सापडली एक ठळक जागा, चौदाव्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर), रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणाऱ्या प्रोटीनच्या जीनजवळ. आणि त्या जागेनं फरकातला किती भाग समजला? एक टक्क्यापेक्षा कमी. साडेबारा हजार माणसांत एक टक्का नाही, आणि आपल्या हॉलमध्ये चिंचेची गोळी तोंडात असताना घेतलेल्या थुंकीवरनं लाल-हिरवं ठरलं. याआधी बोटांच्या ठशांवरनं बुद्धी सांगणारे आले होते, आठवतंय ना, त्यांचेही रिपोर्ट असेच चकचकीत होते आणि त्यालाही काही शास्त्रीय आधार नव्हता.

खरी गोष्ट मला पुढची वाटते, आणि ती कुणी वाचलीच नाही. कॅनडात क्यूबेकमध्ये १९ महिन्यांच्या जुळ्यांवर अभ्यास झाला, २००८ साली छापला. अनोळखी, जरा घाबरवणाऱ्या परिस्थितीत बाळांना ठेवून आधी आणि नंतर कॉर्टिसॉल बघितलं. घरची परिस्थितीही नोंदली, म्हणजे उत्पन्न कमी, आईचं वय लहान, शिक्षण कमी, एकटी आई, बाळाचं वजन कमी वगैरे. ज्या घरात अशा अडचणी फार नव्हत्या तिथं प्रतिक्रियेतल्या फरकाचा ४० टक्के वाटा जीनचा आला. आणि ज्या घरात अडचणींचा डोंगर होता तिथं जीनचा वाटा दिसेनासाच झाला, सगळा फरक परिस्थितीनं व्यापला. कळतंय का? म्हणजे ज्या पोरावर परिस्थितीचा मार जास्त, त्याच्याच बाबतीत 'जीनमध्ये आहे' हे उत्तर सगळ्यात कमी लागू पडतं. आणि तुम्ही ते उत्तर नेमकं त्यांनाच दिलंत.

केअरच्या यादीत बघा एकदा कोण आहे ते. पोराचा एक मित्र आहे, नदीकाठच्या गावातला. २०१९ ला त्यांचं घर पाण्यात, २०२१ ला परत पाण्यात, दोन्ही वेळेला जनावरं सोडून बाहेर पडावं लागलं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की हा पोरगा वर्गात फोन मागतो, घरी लावायचाय म्हणून. आणि बाई त्याला सगळ्यांसमोर 'घाबरट' म्हणतात. त्याचा रिपोर्ट लाल. ४३ फूट ही धोका पातळी आहे हे ज्या पोराला पाढ्यासारखं पाठ आहे त्याचा ताण तुम्ही क्रोमोसोममध्ये शोधताय.

आणि हिरवा रंग म्हणजे 'टफ' हे कुणी ठरवलं? कॉर्टिसॉल काही विष नाही, ते सकाळी उठवतं, साखर पुरवतं, बीपी सांभाळतं, ते वेळेवर वाढायलाच पाहिजे. रुमानियात बुखारेस्टला अनाथाश्रमातल्या १३६ मुलांवर २००० सालापासून अभ्यास चालू झाला. निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. ती मुलं बारा वर्षांच्या आसपास आल्यावर त्यांना ताणाचा प्रसंग देऊन तपासलं, तर जी संस्थेतच राहिली होती त्यांचं कॉर्टिसॉल वाढायचं तेवढं वाढलंच नाही, बोथट प्रतिक्रिया. तुमच्या कागदावर ती सगळी हिरवी आली असती. चॅलेंजर बॅच! आणि ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आतच मायेचं घर मिळालं त्यांची प्रतिक्रिया घरात वाढलेल्या मुलांसारखी होती. जीन कुणी बदलले नव्हते त्यांचे.

माझी हिरवी पोरगी रात्री वही पुढं घेऊन नखाच्या कडेची कातडी कुरतडत बसते, करंगळीला कायम बँडेड. लाल पोरगा जेवून शेजारच्या काकांबरोबर कॅरम खेळतो. कुठल्या बॅचची काळजी घ्यायची ते सांगा मला.

परवानगीचं बोलायचं तर डायरीत फक्त 'आरोग्य तपासणी शिबिर, पालकांची सही' एवढंच होतं. डोळे, दात, वजन असं समजून सगळ्यांनी सही केली. जीन तपासणार हा शब्द कुठं नव्हता. संशोधनासाठी जरी पोराचं सॅम्पल घ्यायचं झालं तरी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची संमती तर लागतेच, वर ७ ते १२ वयाच्या मुलाला तोंडी विचारावं लागतं आणि त्यापुढं लेखी. इथं पोरांना 'थुंका' एवढं सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शिक्षण हक्क कायदा तर शाळेत घेताना मुलाची छाननीच करू नका म्हणतो, आणि त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात मानसिक छळाला बंदी आहे. दारातनं आत घेताना चाळणी लावायची नाही आणि आत आल्यावर लावायची, हा कुठला न्याय? जीनचा रिपोर्ट फक्त पोराचा पण नसतो, त्यात मी आहे, त्याचा बाप आहे, पुढं होणारी नातवंडं आहेत. ती माहिती कुठल्या सर्व्हरवर पडलीय, ट्यूबा टाकल्या का ठेवल्यात, काहीच सांगत नाही कोण.

तुमच्यातले काहीजण म्हणाले, अहो केअर बॅच म्हणजे काळजीच की. यादी लागली त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी तिला 'रडकी बॅच' नाव ठेवलंय. झाली काळजी.

आता शाळेच्या हातात काय आहे ते सांगते, कारण 'शाळा काय करणार' असं विचारलं होतं ना. शाळा सातला भरते. त्यासाठी पोरं साडेपाचला उठतात, सहाला व्हॅन. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवू नका असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, पण पाचवीत गेलेलं पोर एका उन्हाळ्यात असं काय मोठं होतं की त्याला झोप लागत नाही? दर शनिवारी टेस्ट. सोमवारी रँक वाचून दाखवायची, खालनं वर, म्हणजे शेवटच्या पोराचं नाव पहिलं. संध्याकाळी तुमच्याच संस्थेचा क्लास साडेआठपर्यंत, तो 'ऐच्छिक', पण न लावणाऱ्याला विचारतात का नाही लावला म्हणून. त्या डच अभ्यासात रात्रीच्या आकड्यात जीनचा वाटा दिसला नव्हता हे वर लिहिलंय. म्हणजे संध्याकाळ ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे, माझ्या घराची आणि तुमच्या क्लासची. आमच्या घरातलं मी बघते. तुमचं तुम्ही बघा.

एक बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना रुपया दंड ठेवला, जातीजातींची वसतिगृहं उभी केली, कशासाठी? कुठं जन्मला यावरनं पोराची लायकी ठरवू नका, त्याला राहायला जागा आणि शिकायला संधी द्या, बघा काय होतंय ते. तुमच्या स्टाफरूममध्ये फोटो आहे त्यांचा. २६ जूनला हार घालता.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दोन्ही याद्या काढा, आणि बॅच मोडल्याचं वर्गात जाऊन पोरांना स्वतः मुख्याध्यापक सरांनी सांगावं, नुसता कागद फाडून नको. पोरांच्या दाखल्यात, प्रगती पुस्तकात, ऑफिसच्या फाईलीत कुठंही हा रंग नोंदला असेल तर खोडून तसं लेखी द्या. सॅम्पलं आणि डेटा नष्ट करायला लावा आणि त्याचं पत्र प्रत्येक पालकाला मिळालं पाहिजे, त्या कंपनीशी काय करार झाला, कुणी कुणाला किती पैसे दिले, तेही उघड करा. पुढं कसलीही तपासणी असो, काय घेणार, कशासाठी, कुठं ठेवणार हे मराठीत लिहून आधी द्या, पोरांनाही विचारा.

सोमवारचं रँकवाचन बंद. हे आजपासनं होऊ शकतं, याला ना ठराव लागतो ना खर्च.

सातच्या शाळेचा आणि साडेआठच्या क्लासचा विषय पालकांच्या खुल्या सभेत घ्या, आणि सभा कामावर जाणाऱ्या आयांना येता येईल अशा वेळी ठेवा, दुपारी बाराला नको. रिपोर्टवर जो पैसा गेला त्यात एक चांगला समुपदेशक वर्षभर आठवड्यातनं दोन दिवस आला असता, तो आणा, सगळ्या पोरांसाठी, एका यादीसाठी नाही. तोपर्यंत टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी मोफत नंबर तरी फळ्यावर लिहून ठेवा. कुणाला खरंच कॉर्टिसॉलची शंका असेल, पोराची वाढ थांबलीय, वजन विचित्र वाढतंय, सारखी चक्कर येतेय, तर बालरोगतज्ज्ञांकडं पाठवा, सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात पाठवा, ते ठरवतील टेस्ट करायची का आणि किती वाजता.

जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना या पत्राची प्रत रीतसर आवक नंबर घेऊन देतेय. त्यांना विनंती एवढीच की आमच्या एका शाळेची चौकशी करून थांबू नका, जिल्ह्यात अजून किती ठिकाणी ही कंपनी येऊन गेली तेही बघा.

बाकीच्या पालकांनो, तुमच्या पोराचा रंग हिरवा आला असेल तरी सही करा खाली. पोरगी हिरव्या यादीत असून मी करतेय.

उत्तर लेखी हवंय, ते पण सगळ्या पालकांच्या ग्रुपवर. मला एकटीला बोलावून चहा देऊन समजूत काढू नका.

तुमच्याच शाळेत सहावीत शिकणाऱ्या दोन पोरांची आई,
कोल्हापूर